चाकांवरचं घर किती फुटांचं?

अमेरिकेत मोटरहोम घ्यायला निघालेलं कुटुंब शोरूममध्ये शिरतं आणि घर आतून बघू लागतं. पलंग किती मोठा, ओट्याला जागा किती, न्हाणीघरात उभं राहून अंघोळ करता येते का, हे बघून होतं आणि लांबी आपोआप ठरून जाते. आत जितकं हवं, तितकी गाडी लांब. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ज्यांना मोटरहोम राष्ट्रीय उद्यानांत आणि जंगलांत मुक्काम करण्यासाठी हवं आहे, त्यांनी आधी मुक्कामाच्या जागेची लांबी बघावी, मग रस्त्याची, आणि त्यात जे मावेल त्यातच घर बसवावं. असा हिशेब केला तर उत्तर बरंच ठाम येतं. दोघांसाठी किंवा लहान कुटुंबासाठी पुढच्या बंपरपासून मागच्या शेवटच्या टोकापर्यंत मोजून पंचवीस फूट, आणि माणसं जास्त असतील तर तीस फुटांच्या आत. त्यापुढच्या प्रत्येक फुटाची किंमत गाडीच्या किमतीत दिसत नाही. जिथे जायचं होतं तिथे जाता आलं नाही, या रूपात ती नंतर मोजावी लागते.

हे आकडे कुठून आले, हे समजायला जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागतं. १९२०च्या दशकात मोटारी स्वस्त झाल्या आणि लोक थेट झाडांखाली गाड्या नेऊन तंबू ठोकू लागले. अमेरिकेच्या वनखात्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ माइनेके यांनी कॅलिफोर्नियातल्या सिक्वोया आणि रेडवुडच्या राईंमध्ये याचा परिणाम तपासला. पायांनी आणि चाकांनी माती दाबली जाते, दाबलेल्या मातीत हवा-पाणी जिरत नाही, मुळं गुदमरतात, आधी जमिनीलगतची झुडपं जातात आणि मग झाडंही खंगत जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९३२च्या आसपास त्यांनी उपाय मांडला, आणि आजची जवळजवळ प्रत्येक जुनी कॅम्पसाइट त्या उपायावर उभी आहे. आत एकेरी वळसा घेणारा अरुंद रस्ता, त्याला तिरकी जोडलेली गाडी उभी करण्याची आखूड पट्टी, एका जागी कायमचं टेबल आणि चूल, आणि गाडी पट्टीबाहेर जाऊ नये म्हणून कडेला रोवलेले मोठे दगड किंवा ओंडके. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने उभारलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या तरुणांनी १९३३ ते १९४२ या काळात देशभर अशी कॅम्पग्राउंड बांधली. १९५६ ते १९६६ या काळातल्या ‘मिशन ६६’ योजनेत त्यांची संख्या खूप वाढली, तरी आराखड्याचा गाभा तोच राहिला. म्हणजे ही पट्टी आखूड आहे ती जागा कमी पडली म्हणून नाही. झाड जगावं म्हणून ती मुद्दाम आखूड ठेवली आहे. मोटरहोमच्या लांबीचा विचार करताना ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही, कारण पुढच्या बहुतेक आक्षेपांचं उत्तर तिच्यातच आहे.

गाड्या मात्र वाढत गेल्या. आयोवातल्या विनेबॅगो कंपनीने १९६६मध्ये मोटरहोम बनवायला सुरुवात केली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. जनरल मोटर्सचं १९७३ ते १९७८ या काळातलं गाजलेलं मोटरहोम २३ आणि २६ फूट अशा दोनच लांबींत मिळायचं, आणि त्या काळी ती चांगली ऐसपैस गाडी समजली जात होती. १९९०मध्ये भिंत बाहेर सरकवण्याची सोय, म्हणजे स्लाइडआउट, मोटरहोममध्ये आली. पुढे डिझेल इंजिन मागे बसवलेल्या बससारख्या गाड्या चाळीस आणि मग पंचेचाळीस फुटांपर्यंत पोहोचल्या. आपल्या रस्त्यांवरची एसटीची साधी बस डोळ्यांसमोर आणली, तर पस्तीस फुटांच्या मोटरहोमचा अंदाज येतो. तशी गाडी दोन झाडांमधल्या तिरक्या पट्टीत मागे घेत लावायची आहे, असं समजावं.

आता ‘बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये मावेल’ या शब्दप्रयोगाकडे येऊ, कारण खरेदीदाराची फसगत इथेच होते. अमुक लांबीची गाडी इतके टक्के कॅम्पग्राउंडमध्ये चालते, अशी टक्केवारी विक्रेते आणि हौशी प्रवासी नेहमी सांगत असतात. ती खोटी असतेच असं नाही, पण ती चुकीची गोष्ट मोजते. कॅम्पग्राउंडची कमाल लांबी म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या जागेची लांबी. तुम्हाला ती जागा मिळेल की नाही, हा वेगळाच प्रश्न आहे. माँटानातल्या ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानातलं फिश क्रीक कॅम्पग्राउंड घ्या. कागदावर तिथे ३५ फुटांची गाडी चालते. पण एकूण १७८ जागांपैकी ३५ फुटांची गाडी मावेल अशा जागा १८ आहेत, आणि २७ फुटांपर्यंतच्या आणखी ६२. पस्तीस फूटवाल्याला दहातली एक जागा. सत्तावीस फुटांच्या आत असणाऱ्याला जवळजवळ निम्मं कॅम्पग्राउंड खुलं. दोघांच्याही यादीत फिश क्रीकसमोर ‘चालतं’ असंच लिहिलेलं असतं. त्याच उद्यानातल्या रायझिंग सनमध्ये ८४ जागा आहेत, त्यांत २५ फुटांपर्यंतची गाडी घेणाऱ्या फक्त १०. तेव्हा किती कॅम्पग्राउंड, हे मोजून भागत नाही. किती जागा, हे मोजायला हवं. उन्हाळ्यात तर तेवढंही पुरत नाही, कारण त्या मोजक्या लांब जागांवर देशभरातल्या सगळ्या लांब गाड्यांचा डोळा असतो. योसेमिटी व्हॅलीतल्या उन्हाळी जागांचं आरक्षण पाच महिने आधी, ठरलेल्या दिवशी सकाळी सात वाजता उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. अशा वेळी चाळणी लावल्यावर उरणाऱ्या जागा शंभर आहेत की दहा, यावर सुट्टी ठरते.

दुसरी गोष्ट अशी की या मर्यादा सलग चढत नाहीत, त्या पायऱ्यापायऱ्यांनी येतात. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये केड्स कोव्हला मोटरहोमची मर्यादा ४० फूट आहे, एल्कमाँटला ३५, कॅटालूचीला ३१, डीप क्रीकला २६ आणि कॉस्बीला २५. रॉकी माउंटनमध्ये मोरेन पार्कला ४०, ग्लेशिअर बेसिनला ३५, अ‍ॅस्पेनग्लेन आणि टिंबर क्रीकला ३०. माउंट रेनिअरमध्ये कूगर रॉकला ३५, ओहानापेकॉशला ३२, व्हाइट रिव्हरला २७. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरच्या मेदर कॅम्पग्राउंडला ३०. योसेमिटी व्हॅलीतल्या सर्वांत मोठ्या अपर पाइन्सला ३५. जोशुआ ट्रीमधल्या हिडन व्हॅलीला २५. हे आकडे शेजारी ठेवले की पंचवीस, तीस आणि पस्तीस या तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. म्हणून एकतीस फुटांची गाडी घेणं ही माझ्या दृष्टीने सर्वांत वाईट निवड आहे. एका फुटासाठी ती तीस फुटांची पायरी गमावते आणि पस्तीसच्या रांगेत जाऊन उभी राहते, पण आतली जागा मात्र पस्तीसची मिळत नाही. छत्तीस फुटांचंही तेच. पायरीच्या आत राहून जेवढी लांबी घेता येईल तेवढी जरूर घ्यावी, पण पायरी ओलांडायची तर त्या बदल्यात भरपूर काही मिळत असेल तरच.

मुक्कामाच्या जागेपर्यंत नेणारा रस्ता हा हिशेबाचा दुसरा भाग, आणि तो जास्त कठोर आहे. ग्लेशिअरमधला गोइंग-टू-द-सन रोड १९३३मध्ये खुला झाला. कड्यात कोरलेल्या या रस्त्यावर अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे. योसेमिटीत हेच-हेचीच्या रस्त्यावर मर्यादा २५ फुटांची, ग्लेशिअर पॉइंट रोडवर ३० फुटांची. सिक्वोया उद्यानात पॉटविशा ते जायंट फॉरेस्ट या वळणावळणांच्या चढावर २२ फुटांपेक्षा लांब गाडी आणू नका, असा सल्ला दिला जातो. टेक्सासमधल्या बिग बेंडमध्ये चिसोस बेसिनला उतरताना मोटरहोमसाठी २४ फुटांची शिफारस आहे. मेसा व्हर्डेतल्या वेदरिल मेसाच्या रस्त्यावर २५ फूट. अनेक रस्त्यांचा उंबरठा पंचवीसच्या आसपास आहे, आणि पंचवीसच्या बाजूने बोलताना मला हा पुरावा कॅम्पग्राउंडच्या आकड्यांइतकाच वजनदार वाटतो. तीस फुटांचं मोटरहोम मुक्कामाला पोहोचेल, पण ज्यासाठी मुक्काम केला तो देखावा बघायला कधी कधी शटल बसची वाट बघावी लागेल.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लांबी कमी केली की सगळे अडथळे दूर होतात, असं नाही. युटातल्या झायन उद्यानाचा बोगदा १९३०मध्ये पुरा झाला. तो १.१ मैल लांब आहे आणि त्याचं छत कमानदार आहे. ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद किंवा ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच गाडी आपल्या बाजूने चालली तर तिचा वरचा कोपरा कमानीला घासतो. म्हणून अशी गाडी मधून जाऊ देण्यासाठी समोरची वाहतूक थांबवून बोगदा एकेरी करावा लागे. २०२६च्या जूनपासून मोठ्या गाड्यांना तिथून वळवून दुसऱ्या रस्त्याने पाठवण्याचा निर्णय उद्यानाने जाहीर केला. बहुतेक मोटरहोमची पेटी आठ फुटांच्या आसपास किंवा त्याहून रुंद असते, तेव्हा पंचवीस फुटांची गाडीही इथे अडते. युरोपीय व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली अरुंद गाडीच तेवढी सुटते. लांबी ही पहिली अट आहे, पण एकटी पुरेशी नाही.

आणि लांबी म्हणजे नेमकी कोणती? मॉडेलच्या नावातला आकडा हा गाडीचा खरा आकडा नसतो. नावात २५ असलेली गाडी मोजायला गेलं तर साडेसव्वीस फूट भरू शकते. त्यात मागची शिडी, ओढणीचा दांडा, सायकलींचं स्टँड धरलं की आणखी दोनतीन फूट वाढतात. उद्यानाचे नियम टोकापासून टोकापर्यंत बघतात. म्हणून माहितीपत्रकातली ‘बाह्य लांबी’ वाचावी, शक्य असेल तर टेप लावून मोजावी, आणि सायकली कुठे ठेवणार हे त्याच वेळी ठरवावं. सारख्याच लांबीच्या दोन गाड्याही सारख्या वळत नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असेल तर वळसा मोठा लागतो. मागच्या चाकांपलीकडचा भाग लांब असेल तर वळताना शेपूट बाहेर फिरतं आणि रोवलेल्या दगडाला किंवा झाडाला लागतं. स्लाइडआउट असेल तर पट्टीची लांबी पुरूनही कडेचं झाड भिंत उघडू देत नाही, अशी वेळ येते. माइनेकेंच्या आराखड्यातल्या जागा तिरक्या आणि झाडांना चिकटून आहेत, त्यामुळे हे बारकावे तिथे फार महत्त्वाचे ठरतात.

आता आक्षेप. पहिला, आणि मनाला लागणारा, आहे माणसांचा. भारतातून आई-वडील उन्हाळ्यात येणार, दोन मुलं, आपण दोघं. सहा माणसांना पंचवीस फुटांत कोंबायचं का? नाही, कोंबू नये. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचा आरव्हीशी, म्हणजे अशा चाकांवरच्या घराशी, पहिला संबंध बहुधा भाड्याच्या गाडीतून येतो, आणि भाड्याच्या गाड्या साधारण पंचवीस आणि तीस फूट अशाच मापांत मिळतात, हे मला सोयीचं वाटतं. सत्तरीतल्या आजींना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर शिडीने चढायला सांगणं बरं नव्हे. त्यांना मागचा खाली असलेला पलंग आणि रात्री दोन पावलांवर शौचालय हवं, आणि ते तीस फुटांच्या गाडीत नीट मिळतं. पण हिशेब वर्षभराचा करावा. विकत घेतलेली गाडी वर्षातून पन्नास वेळा दोघंच वापरणार आणि एकदा सहाजण, तर त्या एका वेळेसाठी मोठी गाडी भाड्याने घेणं किंवा एक तंबू सोबत नेणं जास्त शहाणपणाचं. अनेक कॅम्पग्राउंडमध्ये एका जागेवर सहा माणसांपर्यंत परवानगी असते आणि गाडीशेजारी तंबू लावता येतो. फक्त अस्वलांच्या वावरामुळे काही ठिकाणी, उदाहरणार्थ यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये, कापडी निवाऱ्याला मनाई आहे, तेवढं बघून घ्यावं.

दुसरा आक्षेप असा की खासगी आरव्ही पार्कमध्ये साठ फुटांच्या आरपार जागा असतात. वीज, पाणी, सांडपाणी सगळ्याची जोडणी असते, मग एवढी चिंता कशाला? हे खरं आहे. ज्यांचं मोटरहोम हेच वर्षभराचं घर आहे, जे हिवाळा अ‍ॅरिझोनात आणि उन्हाळा उत्तरेत काढतात, त्यांना माझा पंचवीसचा आकडा लागू होत नाही. त्यांनी खुशाल चाळीस फूट घ्यावेत. मात्र चाळीसच्या पुढे कॅलिफोर्नियासारख्या राज्यात वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो, हे ध्यानात ठेवावं. पण खासगी पार्क बहुधा उद्यानाच्या फाटकाबाहेर असतं. रोज सकाळी फाटकावरच्या रांगेत लागायचं आणि मग आत ती लांब गाडी उभी करायला जागा शोधायची. पहाटे दरीत धुकं असताना आणि संध्याकाळी गर्दी पांगल्यावर आत असणं, यासाठी तर मोटरहोम घेतलं होतं. ते आतल्या कॅम्पग्राउंडमध्ये राहणाऱ्यालाच मिळतं.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम आहे. पस्तीस फुटांचं घर घ्यावं, मागे छोटी मोटार ओढून न्यावी, घर एका जागी लावावं आणि मोटारीने अरुंद रस्ते फिरावेत. मग एकवीस आणि बावीस फुटांच्या मर्यादा आडव्या येतच नाहीत. पंचवीस फूटवाल्याला दूध आणायचं तरी सगळं घर आवरून हलवावं लागतं. एका ठिकाणी आठवडाभर थांबणाऱ्यांसाठी ही मांडणी खरोखर चांगली आहे, आणि मी ती खोडून काढणार नाही. पण तिची अट अशी की ती पस्तीस फुटांची जागा आधी मिळायला हवी, आणि ती दहातली एक असते. शिवाय अनेक ठिकाणी लांबी दोन्ही गाड्यांची मिळून धरतात. चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढलेली मोटार मागे घेता येत नाही, त्यामुळे एक चुकीचं वळण घेतलं की भर रस्त्यात जोडणी सोडवावी लागते. दोनतीन दिवसांनी पुढे सरकणाऱ्याला, म्हणजे सुट्टी घेऊन निघालेल्या बहुतेकांना, हा खटाटोप झेपत नाही.

काहीजण म्हणतात, मर्यादा सैल असतात, तीसच्या जागेत चौतीस फुटांची गाडी बसते. कधी कधी बसते. मागचा भाग झुडपांवर लोंबतो किंवा पुढचा भाग आतल्या एकेरी रस्त्यावर येतो. दुसऱ्या प्रकारात मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीची अडचण होते. पहिल्या प्रकारात चाक पट्टीबाहेर जातं आणि जी माती दाबली जाऊ नये म्हणून हा सगळा आराखडा झाला, तीच माती दाबली जाते. हे मला मान्य होण्यासारखं नाही. रेंजरने उठवलं नाही, एवढ्याने ते योग्य ठरत नाही.

उलट बाजूनेही विचारता येईल. मग एकवीस फुटांची व्हॅनच का नको? एकट्याने किंवा दोघांनी, हलकं सामान घेऊन, सतत फिरत राहायचं असेल तर जरूर घ्यावी. पण उद्यानांतल्या बहुतेक जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याची जोडणी नसते. योसेमिटीत कुठेच नाही, मेदरमध्येही नाही. म्हणजे पाण्याची आणि सांडपाण्याची टाकी किती मोठी, यावर मुक्कामाचे दिवस ठरतात, आणि व्हॅनची टाकी लवकर भरते. त्यात रोज रात्री बाकं उलगडून अंथरूण करायचं आणि सकाळी आवरायचं. एकवीसवरून पंचवीसला येताना कायमचा पलंग, वेगळं न्हाणीघर आणि मोठ्या टाक्या मिळतात, आणि त्या बदल्यात मोजकेच रस्ते जातात. गोइंग-टू-द-सनवर उन्हाळ्यात शटल चालते, शिवाय जुन्या लाल बसगाड्यांची सहलही करता येते. हा सौदा फायद्याचा आहे. पंचवीसवरून तीसला येताना आणखी एक पलंग मिळतो आणि बरंच काही जातं. तीसवरून पस्तीसला येताना मिळतं ती मुख्यतः बसायची ऐसपैस जागा, आणि तीही अशा प्रवासात, ज्यात दिवसभर बाहेर असणं हाच हेतू आहे.

शेवटचा आक्षेप काळाचा. गाड्या मोठ्या होत आहेत, तर उद्यानंही जागा मोठ्या करतीलच ना? काही ठिकाणी केल्या आहेत. फिशिंग ब्रिजच्या नूतनीकरणात मोठ्या गाड्यांचा विचार झाला. ग्रँड कॅन्यनला मेदरजवळच ट्रेलर व्हिलेज आहे, तिथे पन्नास फुटांपर्यंतच्या आरपार जागा आणि सगळ्या जोडण्या आहेत. पण दोन्ही ठिकाणी लांब गाड्यांसाठी वेगळा तळ आहे. झाडांतलं मेदर अजून तीस फुटांचंच आहे. योसेमिटीत १९९७च्या जानेवारीत मर्सेड नदीला पूर आला आणि अपर रिव्हर, लोअर रिव्हर ही दोन कॅम्पग्राउंड वाहून गेली. ती तिथे पुन्हा बांधली नाहीत, नदीकाठ नदीला सोडून दिला. झायनने बोगदा रुंद केला नाही, गाड्या वळवल्या. मोटरहोम पंधरा-वीस वर्षं वापरायची वस्तू आहे, आणि एवढ्या काळात जुन्या वळशांवरची झाडं गाड्यांसाठी तोडली जातील, असं मानायला या घटनांत काही आधार नाही. त्यामुळे खरेदीआधी एक संध्याकाळ सरकारी आरक्षणाच्या संकेतस्थळावर घालवावी. ज्या दहा ठिकाणी जायची मनापासून इच्छा आहे त्यांची नावं टाकावीत, गाडीची लांबी आधी पस्तीस, मग तीस, मग पंचवीस लिहावी, आणि प्रत्येक वेळी किती जागा शिल्लक राहतात ते कागदावर मांडावं. तो कागद खिशात ठेवून मगच शोरूममध्ये पलंग बघायला जावं.